उपाशीपोटी

सासू : आणि ही नाडी पाठीमागे लावायची अक्कल कुणाची?

सून : आई, हळू बोला. पडद्यापलीकडे माणूस झोपलाय.

सासू : झोपलाय कसला, त्यालाही मागून वारा लागत असणार. जन्म गेला माझा शिवणयंत्रावर, पण पुढून बंद आणि मागून उघडा असा झगा मी कुणाला शिवून दिला नाही. गिऱ्हाईकानं तोंडावर मारला असता.

सून : वळा. मी बांधते.

सासू : नको. तू गाठ मारशील. मग सुटायची नाही.

सून : मग बसा हातानं धरून.

सासू : बसते. मला काय, रात्रीपासून उपाशी बसलेच आहे. पाण्याचा घोट नाही घशात. त्यात तू सकाळपासून असं तोंड केलंयस, जसं काही नळी तुझ्याच पोटात घालणार आहेत.

सून : मी काही तोंड केलेलं नाही.

सासू : गाडी शिकायला येणाऱ्या बायकांसमोर पण अशीच बसतेस का गं? गिअर टाकता टाकता रडत असतील बिचाऱ्या.

सून : त्या चुकल्या तर माझ्या पायाखाली वेगळा ब्रेक असतो. इथे नाहीये, म्हणून तोंड असं आहे.

सासू : मग कशाला रजा काढलीस? मी आले असते एकटी.

सून : तुम्ही? मागच्या तारखेला ऐन निघताना ताप आला तुम्हाला. फक्त थर्मामीटरला तेवढा आला नाही.

सासू : अंगात कणकण होती. कणकण थर्मामीटरला कळत नाही. आणि मी म्हणते, नळी घालून ह्यांना दिसतं तरी काय? त्याच्या वेळी काय दिसलं? चांगली तपासणी झाली होती, वर्षभर आधी. दिसलं का काही?

सून : आई, तो विषय नको.

सासू : का नको? माझा मुलगा गेला, मी विषय पण नको काढू?

सून : इथे नको.

सासू : इथे नको, घरी नको, जेवताना नको. त्याला जाऊन वर्ष झालं आणि त्याचा विषय काढायला मी आता काय, गच्चीवर जाऊ?

सिस्टर : काय आजी, कुणाला गच्चीवर पाठवताय? झालात तयार? घड्याळ, बांगड्या काढल्या?

सासू : ह्या पोरीकडे दिल्यात. सोनं असतं तर दिलं नसतं.

सिस्टर : कवळी आहे का?

सासू : आहे. खालची.

सिस्टर : मग ह्या वाटीत काढून ठेवा.

सासू : आत काढीन.

सिस्टर : आत डॉक्टरांना घाई असते, आजी.

सासू : आत काढीन म्हटलं ना. सुनेसमोर नाही.

सून : आई, इतकी वर्षं एका घरात राहतोय आपण. तुम्हाला कवळी आहे हे मला माहीत आहे.

सासू : माहीत असणं वेगळं आणि बघणं वेगळं.

सिस्टर : बरं बाई, आत काढा. आता ऐका, काय काय होणार ते सांगते. म्हणजे मध्येच हात धरायचा नाही माझा.

सून : जरा सावकाश सांगा हं, सिस्टर. मी घरी सांगितलंय, पण मी सांगितलेलं ह्यांच्या एका कानातूनही आत जात नाही.

सिस्टर : आधी घशात कडू फवारा मारणार. घसा बधिर होतो, गिळल्यासारखंच वाटत नाही, घाबरायचं नाही. मग बोटापेक्षा बारीक नळी. तिच्या टोकाला कॅमेरा. त्यातून पोटाचं अस्तर बघायचं.

सासू : अस्तर मला कळतं. पुढे बोल.

सिस्टर : मग त्याच नळीतून अस्तरावर औषधाचं पाणी शिंपडायचं. तुमच्या पोटात अस्तर कुरतडणारा तो जंतू असला तर तो ते पाणी फोडतो. त्यातून वायू सुटतो आणि तो तुमच्या श्वासात येतो. नळी बाहेर काढली की तुम्ही उठून बसायचं, आणि मी सांगेन तेव्हा ह्या पिशवीत फुंकायचं. फुगा फुगवतात तसं. पिशवी मशीनला लावली की मशीन सांगतं, जंतू आहे की नाही.

सासू : म्हणजे फुंकलं की कळणार.

सिस्टर : फुंकलं की कळणार. असला तर गोळ्यांचा कोर्स द्यायचा, जंतू जातो. एवढी साधी गोष्ट आहे.

सासू : आणि नाहीच फुंकलं तर?

सिस्टर : तर मी ओरडणार. माझा आवाज मोठा आहे, वरच्या मजल्यावर जातो. बरं, ती रोजची ॲसिडिटीची गोळी बंद आहे ना? दोन आठवडे?

सून : बंद आहे. पाकिटंच्या पाकिटं मी स्वतः फेकून दिली.

सिस्टर : मी आजींना विचारतेय.

सासू : ती सांगतेय ना, बंद आहे म्हणून.

सिस्टर : जळजळ?

सासू : नाही. छान आहे.

सिस्टर : आंबट पाणी वर येतं?

सासू : नाही.

सिस्टर : रात्री झोप?

सासू : गाढ.

सिस्टर : हं.

सून : ‘हं’ म्हणजे काय?

सिस्टर : म्हणजे असं बघा ताई. गोळी बंद करून जो माणूस ह्या पलंगावर येऊन बसतो, तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. काल एक गृहस्थ आले होते, शाळेचे मुख्याध्यापक. एवढे सभ्य, पण मला म्हणाले, ‘बाई, तुम्ही माझ्या पोटात निखारे ठेवलेत आणि वर हसताय.’ आणि आजींना गाढ झोप.

सासू : एकेकाचं पोट असतं.

सिस्टर : आजी, इकडे बघा. मी पोलीस नाहीये. गोळी चालू असली ना, की तो जंतू मरत नाही, नुसता दबा धरून बसतो. श्वासात येत नाही. मशीन म्हणतं, काही नाही, जा घरी. आणि तो आत बसून निवांत अस्तर कुरतडतो. शेवटची गोळी कधी घेतली?

सून : आई?

सासू : आज सकाळी.

सून : आज सकाळी!

सासू : पाणी नाही घेतलं. कोरडीच गिळली. उपास मोडला नाही मी.

सून : आई, दोन आठवडे तुम्ही रोज...

सासू : रोज.

सिस्टर : बरं. ताई, तुम्ही आधी बसा. ओरडू नका, आज ओरडायची पाळी माझी होती. मी डॉक्टरांना विचारून येते. नळी बहुतेक घालतील, अस्तर बघायला काही अडत नाही. पिशवी मात्र आज नाही. खोटं बोलणारी पिशवी घेऊन मी काय करू?

(सिस्टर जाताना पडदा ओढते. तो नेहमीसारखा अर्ध्यात अडकतो. सासू-सुनेला वाटतं, पडदा ओढला म्हणजे आता आपलं बोलणं आपल्यातच राहील. पण पडद्याला तसं कुणी बजावलेलं नसतं.)

सून : कुठून आणल्यात?

सासू : दुकानातून. गोळ्या काय माझ्या रुखवतात आल्या होत्या?

सून : ठेवल्या कुठे होत्यात? मी सगळं घर बघितलं होतं. तुमची पर्स, उशी, देवघर.

सासू : देवघर पण बघितलंस?

सून : कुठे होत्या?

सासू : बटणांच्या डब्यात. पांढऱ्यात पांढऱ्या.

सून : वा! काय डोकं आहे! आणि मी मूर्ख. मला वाटत होतं, तुम्ही सोसताय. एवढी आग होत असेल पोटात आणि चकार शब्द नाही. म्हटलं, सासू म्हणजे लोखंड आहे माझी. कौतुक केलं मी तुमचं!

सासू : मला नाही ऐकू आलं.

सून : मनात केलं. आता परत घेते.

सासू : घे. मनातल्याचा हिशेब कोण ठेवतंय.

सून : का पण? एवढंच सांगा मला. नळीची भीती वाटते?

सासू : नळीला कोण घाबरतंय? सुई नखातून आरपार गेलीये माझ्या, तेव्हा फडकं गुंडाळून लग्नाचा झगा पुरा केला होता.

सून : मग का?

सासू : मला नाही फुंकायचं त्या पिशवीत.

सून : पण का?

सासू : कारण मी फुंकावं असं तुला फार वाटतंय, म्हणून.

सून : मला?

सासू : मग कुणाला? तू आलीस, फुंकलंस, तुझं काही निघालं नाही. तो कागद फ्रिजवर लावलास, शाळकरी पोरीनं बक्षीस लावावं तसा. तू स्वच्छ. मग घरात उरलं कोण?

सून : असं मी कधी म्हणाले?

सासू : सगळं म्हणावंच लागतं का? डॉक्टर काय म्हणाले त्या दिवशी? ‘हा जंतू बहुतेक लहानपणीच येतो. घरातूनच. एका ताटातून, एका चमच्यातून.’ आणि तू माझ्याकडे बघितलंस.

सून : मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. माझा पुढचा क्लास होता.

सासू : घड्याळ माझ्या कपाळावर नव्हतं टांगलेलं.

सून : आई...

सासू : त्याला दाढा येईपर्यंत मी घास चावून भरवलाय. सगळ्याच बाया भरवायच्या. गरम असलं की आधी माझ्या ओठाला लावायचे, मग त्याच्या. तो तर तोंड उघडूनच बसलेला असायचा, चिमणीच्या पिल्लासारखा. आता तुमच्या त्या मशीननं सांगायचं की बाई गं, त्या घासाबरोबर तूच घातलंस त्याच्या पोटात. मग मी काय करू? घरी येऊन बाह्या लावत बसू लोकांच्या?

सून : आई, अर्ध्या जगाच्या पोटात असतो तो जंतू. त्यातल्या फार थोड्यांना पुढे ह्यांच्यासारखा पोटाचा कॅन्सर होतो. डॉक्टरांनी हेही सांगितलं होतं, ते मात्र तुम्ही ऐकलं नाहीत.

सासू : अर्ध्या जगाचं मला काय करायचंय? माझा गेला.

सून : माझा पण गेला.

सासू : तुझा नवरा गेला.

सून : म्हणजे कमी गेला का?

सासू : मी असं नाही म्हटलं.

सून : वर्षभर तेच म्हणताय. ‘माझा मुलगा.’ जसं काही मी ह्यांना चार दिवस वापरायला नेलं होतं आणि खराब करून परत दिलं. हिच्या हातचं तिखट. हिच्या नोकरीपायी बाहेरचं खाणं. शेजारणीला सांगत होतात, भिंतीला कान असतात आणि आपली भिंत तर पातळ आहे.

सासू : तू तरी काय कमी बोललीस मला? ‘तुमच्या हाताला चव आहे तेवढी स्वच्छता असती तर.’ माझ्या तोंडावर! त्याच्या तिसऱ्या दिवशी!

सून : बोलले. मला अजून झोप लागत नाही त्या वाक्यानं. पण हे आता तुमच्याबद्दल चाललंय. तुमच्या पोटाबद्दल! ब्लाऊज तिसऱ्यांदा आत घेतलेत तुम्ही. मला दिसत नाही? दिवसा लोकांचे कपडे शिवता आणि मी कामाला गेले की स्वतःचे उसवून आत घेता. शिवणीत जुन्या टाक्यांची भोकं दिसतात, आई. मला शिवता येत नसलं तरी भोकं मोजता येतात.

सासू : वय झालं की माणूस वाळतो.

सून : ह्यांच्याबद्दलही आपण असंच म्हणालो. कामाचा ताण, म्हणून वाळलेत. पट्ट्याला नवीन भोक हवं होतं. कुणी पाडून दिलं?

सासू : नको.

सून : तुम्ही पाडून दिलंत. आणि मी म्हटलं, बरं झालं, पोट सुटलं होतंच. हसलो आपण तिघं. मला ते परत नकोय. मला परत इथल्या कॉरिडॉरमध्ये त्या निळ्या खुर्चीवर बसायचं नाहीये. कळतंय का तुम्हाला? तुम्ही माझ्याशी भांडा, शेजारणीला काय वाटेल ते सांगा, पण मला त्या खुर्चीवर बसवू नका!

सासू : नको बसूस. मी चालले घरी. पिशवी नाही ना आज? मग नळी तरी कशाला? माझे कपडे दे.

सून : नाही देणार.

सासू : माझे कपडे आहेत ते.

सून : नाही देणार म्हटलं ना.

सासू : मग अशीच जाते.

सून : जा. रस्त्यावर सगळ्यांना कळू दे, शिवणाऱ्या बाईला झगा कसा बसतो ते.

सासू : सरक बाजूला.

सून : नाही.

सासू : सरक म्हणते!

सून : खाली बसा! एक माणूस इथून असाच उठून गेला, तेवढं बास झालं मला!

सासू : कोण उठून गेलं?

सून : कुणी नाही. बसा.

सासू : कोण उठून गेलं म्हणालीस?

सून : तुमचा मुलगा.

सासू : त्याची तपासणी झाली होती. तूच सांगितलंस मला. डॉक्टरांच्या नजरेतून सुटलं म्हणालीस.

सून : खोटं सांगितलं. नजरेतून काही सुटलं नाही, नजर पोचलीच नाही. तो आत गेलाच नव्हता. बाहेर बाकावर बसला, दुसऱ्या कुणाला आत नेताना बघितलं, आणि उठून गेला.

सासू : ‘तो’ झाला आता? मघापर्यंत ‘हे’ होता.

सून : हो. आता तो झाला! संध्याकाळी घरी आला, घशाला हात लावून दाखवला मला. म्हणाला, ‘फार दुखतोय गं. पण झालं एकदाचं. साधी ॲसिडिटी आहे.’ मी त्याला मऊ भात करून दिला. फुंकर घालून घालून भरवला. आणि त्यानं खाल्ला! त्यानं तो भात खाल्ला, आई, माझ्याकडे बघत!

सासू : तुला कधी कळलं?

सून : वर्षभरानं. दुखणं वाढलं तेव्हा मीच इथे घेऊन आले. खिडकीवरच्या बाईनं विचारलं, ‘मागच्या वेळी तपासणी न करताच का गेलात?’ मी त्याच्याकडे बघितलं. तो छताकडे बघत होता. त्याच आठवड्यात त्याला सलाइन लागली. आता सलाइन लावलेल्या माणसाला काय विचारू मी?

सासू : आणि मला काही बोलली नाहीस.

सून : काय बोलू? तुमचा मुलगा पळपुटा आहे? तुम्ही उशाशी बसून त्याच्या कपाळावरून हात फिरवत होतात. मग डॉक्टरांच्या माथी मारलं. त्यांचं काय, त्यांच्या माथी सगळेच मारतात.

सासू : मला ठाऊक होतं.

सून : काय?

सासू : तो उठून गेला होता, ते.

सून : तुम्हाला कसं ठाऊक?

सासू : इथून उठून तो माझ्याकडेच आला होता. माझ्या शिवणाच्या दुकानावर. शीळ घालत आला. यंत्राशेजारी स्टूल ओढलं आणि माझा डबा उघडून बसला. मी म्हटलं, अरे, आज उपाशीपोटी राहायचं होतं ना? म्हणाला, ‘लवकर झालं गं सगळं. भूक लागलीये.’ दुकानावर येणाऱ्या बायका चार गोष्टी सांगतात, मला माहीत होतं की नळी घातली की काही वेळ थेंबही घेता येत नाही. आणि हा घासामागून घास घेत होता.

सून : मग?

सासू : मग काय. म्हटलं, खरं सांग. तर हसला. लहानपणी काच फोडून आला की हसायचा तसा. ‘पुढच्या महिन्यात जातो. हिला बोलू नकोस, ओरडेल.’

सून : ओरडले असते!

सासू : हो.

सून : नुसती ओरडले नसते. कानाखाली देऊन गाडीत घातला असता आणि इथे आणून उतरवला असता. त्याच दिवशी. शीळ घालतो! वर्ष होतं, आई. अख्खं वर्ष होतं आपल्या हातात. लवकर सापडलं तर काढता येतं, असं सगळे सांगतात. तुम्ही मला एकदा फोन केला असतात!

सासू : केला असता.

सून : का नाही केलात?

सासू : मी माझ्या वाटणीचा भात पण त्याच्याकडे सरकवला. म्हटलं, खा.

सून : का नाही केलात फोन?

सासू : त्यानं मला सांगितलं होतं आणि तुला नाही. म्हणून.

सून : ...म्हणजे?

सासू : लग्न झाल्यापासून तो सगळं तुला सांगायचा. काय खाल्लं, कुठे दुखतंय, साहेब काय म्हणाला. मला सगळं तुझ्याकडून कळायचं. आणि त्या दिवशी एक गोष्ट माझ्याकडे होती जी तुझ्याकडे नव्हती. बरं वाटलं मला. हे असं आहे. ओरड आता काय ओरडायचं ते.

सून : नाही.

सासू : ओरड. मी ऐकते.

सून : मला येत नाहीये ओरडायला. आता येत नाहीये. आजारी होता तेव्हा त्याच्यावर ओरडता येईना. मग गेला. गेलेल्यावर कसं ओरडायचं? मग उरलात तुम्ही. दिवा चालू राहिला, तुम्ही. दूध उतू गेलं, तुम्ही. वर्षभर ओरडतेय मी, घसा बसला माझा.

सासू : जंतूचं मला एवढं काही नाही गं. तो दिला असेल तर न कळता दिला, सगळ्याच आया देतात म्हण. पण हे मला कळत होतं. ती पिशवी काय नुसता जंतूच सांगते का, असं वाटायचं मला. फुंकलं की सगळंच बाहेर येईल.

सून : एवढी हुशार नाहीये ती पिशवी.

सासू : नसेल. माझा भरवसा नव्हता.

सून : पाय वर घ्या. फरशी गार आहे.

सासू : तू बस ना आधी. किती वेळ उभी आहेस दारात आडवी.

सून : तुम्ही पळणार नाही?

सासू : कुठे पळू? ह्या झग्यात?

सिस्टर : झालं का भांडून? मी दोनदा येऊन परत गेले. पलीकडचे काका उठून बसलेत आणि मला म्हणतात, सिस्टर, माझा नंबर थोडा पुढे ढकला, ह्यांचं अर्ध्यावर आलंय.

सून : सॉरी, सिस्टर.

सिस्टर : मला काय, मला सवय आहे. उपाशी माणसं भांडतातच. डॉक्टर म्हणाले, नळी आज घालायची. वजन उतरलंय तर थांबायचं नाही. अस्तर बघू, वाटलं तर छोटासा तुकडाही घेऊ. पिशवीचं मात्र दोन आठवड्यांनी. गोळी खरोखर बंद करून.

सासू : बंद करते.

सिस्टर : निखारे पडतील पोटात.

सासू : पडू देत. मग मी पण तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार करीन.

सिस्टर : करा. आणि गोळ्या?

सासू : बटणांच्या डब्यात आहेत. हिला दाखवते. हिच्यासमोर फेकते.

सून : मी फेकीन. तुम्ही फक्त दाखवा.

सिस्टर : चला मग. हात धरा माझा. सावकाश. अगं बाई, किती घट्ट धरलाय माझा हात. डोळे पण लाल झालेत. घाबरू नका हो आजी, काही कळायच्या आत होऊन जातं.

सासू : घाबरले नाहीये गं मी. मला माझ्या मुलाचा राग आलाय.